वहीतले ‘संरक्षित’ जोडपे

सातारा जिल्ह्यातील एका गावातून आलेले हे पत्र आहे. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या असून गेली अनेक वर्षे आशा स्वयंसेविका म्हणून काम करीत आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा मुख्य भाग देत आहे.

“माझे यजमान ट्रेलर चालवतात, महिन्यातून दोन-तीनदा घरी येतात. मागच्या महिन्यात आले तेव्हा लघवीला जळजळ होते म्हणाले. उन्हाळी लागली असेल म्हणून मी चार दिवस सब्जाचे नि धण्याचे पाणी दिले. नंतर कपडे धुताना त्यांच्या खिशात गोळ्यांचे रिकामे करडे पाकीट सापडले. ते गुप्तरोगाच्या औषधाचे असते, हे मला प्रशिक्षणामुळे माहीत आहे. मी काही बोलले नाही. त्यानंतर ते एकदा येऊन गेले, तेव्हाही मला नाही म्हणता आले नाही. दुसऱ्या मुलीनंतर आठ वर्षांपूर्वी माझे ऑपरेशन झाले, त्यामुळे आमच्यात निरोधाचा विषय कधी आलाच नाही. गावातल्या बायकांना मी निरोध वाटते, एचआयव्ही कशाने होतो ते पाठ सांगते. सगळे माहीत असून स्वतःच्या घरात तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. काढला तर ‘संशय घेतेस का’ म्हणतील, नाहीतर ‘तुझेच काही बाहेर असेल’ म्हणतील. घर त्यांच्या गाडीवर चालते, सासूबाई त्याच घरात. तपासणीला ग्रामीण रुग्णालयात गेले तर तिथे सगळे मला ओळखतात. पुढच्या आठवड्यात ते परत येतील. मी काय करावे? आणि माझ्याकडच्या वाटपाच्या निरोधांतले घरी वापरले तर नोंदीच्या वहीत काय लिहायचे? हे लिहितानाही लाज वाटते आहे.”

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. लैंगिक प्रश्नांवरील वाचकांच्या पत्रांना आपल्या मासिकातून उत्तरे दिली, म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली मुंबईत अश्लीलतेचा खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी न्यायालयाने दंड केलाच. असे प्रश्न विचारणाऱ्याला आणि त्यांना उत्तर देणाऱ्यालाही लाज वाटावी, याची आपल्याकडे इतकी जुनी आणि रीतसर तजवीज झालेली आहे की, ती लाज तुमच्या एकटीच्या स्वभावातला दोष म्हणून तुम्ही पदरात घेण्याचे कारण नाही.

‘सगळे माहीत असून’ हे तुमचे शब्द मात्र मला फार महत्त्वाचे वाटतात. मी नऊ वर्षे एका शासकीय रुग्णालयात समुपदेशक होते. माझ्या टेबलाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक लाकडी मॉडेल असे. ते काढून निरोध कसा चढवायचा, टोकाची हवा चिमटीत धरून कशी काढायची, हे दाखवू लागले की समोरच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसत आणि मग अगदी एकाग्रपणे पाहत. ‘काही शंका?’ असे विचारल्यावर कुणालाच शंका नसे. त्या उठत, दारापर्यंत जात आणि तिथून एखादी मागे वळून म्हणे, “पण मॅडम, त्यांना सांगायचं कसं?” भिंतीवरच्या एकाही तक्त्यावर त्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नव्हते. माहिती पोहोचली की वागणे आपोआप बदलेल, असे धरून आपण वर्षानुवर्षे तक्ते छापले. तुम्ही तर ती माहिती घरोघर पोहोचवणाऱ्या आहात, आणि तुमचीही गाडी नेमकी त्याच दाराशी अडली आहे. म्हणून एचआयव्ही कशाने होतो हे मी तुम्हाला पुन्हा सांगत बसणार नाही.

अडचण निरोधाच्या वापरात नाही, निरोध काय ‘बोलतो’ यात आहे. आपल्या देशात तो १९६८ पासून कुटुंब नियोजनाचे साधन म्हणून, लाल त्रिकोणाच्या खुणेसह घरोघर आला. त्याचे नाव निरोध पडले तेही मूल रोखण्यासाठी. पुढे नव्वदच्या दशकात एड्सच्या फलकांनी त्याला दुसरा अर्थ चिकटवला, आणि तो ‘बाहेर’ वापरायच्या वस्तूत जमा झाला. ज्या पत्नीचे ऑपरेशन झालेले आहे तिच्यासाठी या दोन्ही अर्थांत जागाच उरत नाही. मूल होण्याची भीती नाही, म्हणून पहिला अर्थ लागू होत नाही; आणि दुसरा अर्थ उच्चारला की तो थेट कुणाच्या तरी चारित्र्यावर जाऊन आदळतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर निरोधाचा वापर करणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्याही आत आहे. तुमच्या वहीत शस्त्रक्रिया झालेले जोडपे ‘संरक्षित’ म्हणून मोजले जाते. गर्भधारणेपासून ते संरक्षित आहे, यात शंका नाही. त्यापलीकडच्या कशापासूनही नाही. पण ते लिहायला त्या वहीत रकाना नाही, आणि वहीत नसलेल्या गोष्टीचे घरातही नाव निघत नाही.

याला उलट बाजूने दुजोरा देणारी एक गोष्ट तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करते, आणि १९९६ पासून त्या स्त्रियांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे. निरोध वापरायला तयार नसलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याची ताकद या स्त्रियांमध्ये आली ती एकेकीच्या धीटपणामुळे नव्हे. या दाराने नाकारलेल्या माणसाला शेजारचे दारही नाकारील, अशी एकी त्यांनी उभी केली म्हणून. परंतु देशभरातील अशा वस्त्यांत काम करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार आला आहे: गिऱ्हाइकासोबत न चुकता निरोध वापरणारी स्त्रीसुद्धा आपल्या ‘मालका’सोबत, म्हणजे कायमच्या जोडीदारासोबत, तो वापरायला कचरते. कारण निरोध म्हणजे परका माणूस, आणि तो नसणे म्हणजे आपला माणूस, असा हिशेब तिथेही पक्का बसलेला असतो. जी स्त्री दिवसातून अनेकदा ‘नाही’ म्हणू शकते तिलाही आपल्या माणसापुढे ते जमत नसेल, तर तुम्हाला जमले नाही यात नवल ते काय? शिवाय तुमच्या खोलीत तुमच्या बाजूने बोलणारे दुसरे कुणीच नसते.

विवाहित स्त्रीला एचआयव्हीचा धोका नवऱ्याकडून येतो, हे महाराष्ट्रात फार लवकर नोंदले गेले होते. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींचा पतीखेरीज कुणाशीही संबंध आलेला नव्हता. हा आकडा गुप्तरोग दवाखान्यातील स्त्रियांचा आहे, सर्वसाधारण स्त्रियांचा नव्हे, आणि काळही उपचार हाताशी नसतानाचा आहे. आज देशातील प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, जरी एकूण रुग्णसंख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे असला तरी. तेव्हा करडे पाकीट सापडले म्हणजे एचआयव्ही झालाच, असा अर्थ कृपया काढू नका. इतकेच समजा की गुप्तरोग असताना एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो, आणि म्हणून हा विषय आता पुढे ढकलण्याजोगा राहिलेला नाही.

त्या पाकिटाविषयी माझे आणखी एक मत आहे. तुम्ही ते पुरावा म्हणून पाहत आहात, आणि ते स्वाभाविक आहे. पण ते उपचाराचेही पाकीट आहे. परमा (गनोरिया) किंवा गरमी (सिफिलिस) झाली की धाब्यावर कुणीतरी सांगितलेले औषध घेणारे, इंजिनाच्या उष्णतेने असे होतेच म्हणून सोडून देणारे पुष्कळ चालक मी पाहिले आहेत. तुमचे यजमान तसे न करता जिथे हे पाकीट मिळते अशा ठिकाणी गेले, याचा अर्थ त्यांना स्वतःच्या शरीराची काळजी वाटली. तुमच्यापासून लपवले, ही त्यांची चूकच आहे. तरीही बोलण्याला सुरुवात करायची असेल तर ती लपवण्यापासून न करता उपचारापासून करा.

त्याआधी जे तुमच्या एकटीच्या हातात आहे ते करा, आणि ते याच आठवड्यात करा. तुम्हाला काहीही त्रास होत नसला तरी शासकीय रुग्णालयाच्या गुप्तरोग विभागात तपासून घ्या. परम्यासारखे संसर्ग स्त्रियांमध्ये बहुधा लक्षणांवाचूनच असतात आणि आत गर्भाशयापर्यंत चढतात. तिथेच एचआयव्ही, गरमी आणि कावीळ-बी यांच्या रक्ततपासण्याही होतील. यजमानांच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या घेऊ नका. आणि तुमच्या मनात आणखी एक वाट येईल, ती आधीच सांगून ठेवते: उपकेंद्रात गरोदर स्त्रियांसाठी बोटातून रक्त घेऊन करण्याची चाचणी असते, ती सिस्टरताईंकडून गुपचूप करून घ्यावी. तसे करू नका. ती केवळ प्राथमिक चाचणी असते, तिच्या निष्कर्षाची खात्री पुढे वेगवेगळ्या चाचण्यांनी करावी लागते, आणि तुमचे गुपित मग एका मैत्रिणीच्या मनावर कायमचे ओझे होऊन बसते. मुलींच्या वेळी तुमची चाचणी झाली असेल आणि ती निर्दोष आली असेल. तिला आता आठ वर्षे झाली, आज तिचा उपयोग नाही.

ओळखीच्या रुग्णालयात जाण्याची तुमची भीती अनाठायी नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निष्कर्ष गुप्त राखणे बंधनकारक आहे. परंतु ‘या ताई त्या खोलीत का गेल्या होत्या?’ एवढी कुजबुज कोणताही कायदा थांबवू शकत नाही, हे मला त्या खोलीत बसून चांगले कळले आहे. आपल्याच तालुक्यात तपासणी करून घेतली पाहिजे असे बंधन नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीला जाल त्या दिवशी, किंवा माहेरच्या बाजूच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात, तिथल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, ही चाचणी मोफत होते. केंद्र कुठे आहे हे १०९७ या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. शेवटच्या संबंधाची तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवा, कारण अगदी अलीकडची लागण चाचणीत दिसायला वेळ लागतो. पहिली चाचणी आता आणि दुसरी त्या तारखेनंतर तीन महिन्यांनी. मधल्या काळात नव्याने धोका पत्करला तर तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. सुई टोचल्यास किंवा अत्याचार झाल्यास ७२ तासांच्या आत सुरू करायचा, एचआयव्ही टाळण्याचा २८ दिवसांचा औषधोपचार तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या बाबतीत ती मुदत टळून गेली आहे, आणि वारंवार येणाऱ्या धोक्यावर तो उपाय मुळात नव्हेच.

तपासणी झाली की तुमच्या हातात एक गोष्ट येते: कारण. गुप्तरोगाच्या उपचारात दोघांनीही औषध घ्यावे, आणि ते पूर्ण होऊन तपासण्यांचे निष्कर्ष येईपर्यंत संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा, असे कोणताही डॉक्टर सांगतो. म्हणजे ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ हे तुमचे वाक्य बहाणा नसून शब्दशः खरे असेल. त्यात ‘माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असे म्हणावे लागत नाही, आणि ‘तुझेच काही असेल’ या उत्तरालाही फारशी जागा उरत नाही, कारण आजार कुणाकडून आला याची चर्चा न होता तो दोघांनी मिळून संपवायचा कसा, एवढीच चर्चा होते.

कधी बोलायचे, यालाही महत्त्व आहे. गाडीवरून उतरल्या दिवशी नको, प्यालेले असतील तेव्हा तर नकोच, आणि रात्री अंथरुणात तर मुळीच नको. तिथे बोललेला प्रत्येक शब्द नकार म्हणून ऐकला जातो. घरात सासूबाई आहेत, तेव्हा रानात, किंवा बाजाराला जाताना दुचाकीवर. दुचाकीवर एकमेकांचा चेहरा दिसत नाही, आणि अवघड बोलणे त्यामुळे किती सोपे होते हे मी अनेक जोडप्यांकडून ऐकले आहे. शब्द तुमचेच असू द्या, पण साधारण असे काही म्हणता येईल:

“अहो, तुम्हाला जळजळ होत होती त्याच्या गोळ्यांचं पाकीट मला धुण्यात सापडलं. औषध घेतलंत ते बरं केलंत. पण हा आजार दोघांनी औषध घेतल्याशिवाय जात नाही. मी डॉक्टरांना दाखवून आले. तुमच्या नि माझ्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत निरोध वापरायला सांगितलाय. उद्या दोघं जाऊन येऊ.”

ते ‘संशय घेतेस का?’ म्हणाले, तर ‘मी संशयाचं काही बोललेच नाही, औषधाचं बोलतेय, मुली लहान आहेत, आपण दोघंही धडधाकट राहायला हवं,’ एवढेच म्हणा आणि थांबा. कुठे गेला होता, कुणाकडे गेला होता, हा प्रश्न त्या दिवशी काढू नका. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि मी तो सोडून द्या असे सुचवत नाही. मी फक्त क्रम सांगते आहे. तो प्रश्न आधी आला की बाकीचे सगळे त्याच्या भांडणात वाहून जाते, आणि रात्री निरोध तेवढा बाजूला राहतो.

‘त्याने मजा येत नाही,’ हेही उत्तर येईल. ते केवळ सबब असते असे आपण मानतो, आणि तिथेच चुकतो. कोरडेपणा, घट्टपणा, मध्येच फाटणे या खऱ्या तक्रारी असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा दूर करता येतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्याने लॅटेक्सचा निरोध कमजोर होऊन फाटतो. औषधाच्या दुकानात मिळणारे पाण्यात विरघळणारे जेल लावावे. एकावर एक दोन चढवले तर घर्षणाने ते फाटू शकतात. गाडीच्या केबिनमध्ये काचेखाली ठेवलेला, खिशातल्या पाकिटात महिनाभर दुमडून पडलेला किंवा पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा काढलेला निरोध भरवशाचा राहत नाही. चालकाच्या बाबतीत ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आणि ज्याविषयी कोणत्याच प्रशिक्षणात बोलत नाहीत ती अडचण: एकाच घरात सासूबाई आणि मुली असताना वापरलेला निरोध टाकायचा कुठे? गाठ मारून, कागदात गुंडाळून, तुमच्या पॅडबरोबर त्याची विल्हेवाट लावा. शौचालयात टाकू नका. सकाळी तो कुणाला दिसेल या एका धास्तीपायी निरोध न वापरणारी घरे मला माहीत आहेत.

निरोध पुरुषाच्या अंगावर चढतो, त्यामुळे त्याच्या संमतीवाचून स्त्रीला तो वापरता येत नाही. स्त्रियांसाठीचा निरोध आहे, पण तो सहज मिळत नाही आणि जोडीदाराच्या नजरेआडही राहत नाही. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीने लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या आहेत, त्यांना ‘प्रेप’ म्हणतात. स्त्रियांनी त्या रोज घ्याव्या लागतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०२२ मध्ये त्यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आधी एचआयव्ही आणि मूत्रपिंडांची तपासणी करावी लागते, आणि आपल्याकडे त्या मुख्यतः खाजगी डॉक्टरांकडूनच मिळतात. कुणाची परवानगी न घेता स्त्रीला घेता येईल असा उपाय म्हणून मी त्याचा उल्लेख करते. मात्र परमा, गरमी यांपासून त्या वाचवत नाहीत, आणि घरात गोळ्यांची बाटली दिसली तर तिचा अर्थ काय लावला जाईल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. यजमान निरोधाला काही केल्या तयार झाले नाहीत, तर हा विषय डॉक्टरांकडे अवश्य काढा.

‘बाहेर असताना तरी वापरा,’ हे वाक्य तुमच्या तोंडी घालायला मी धजत नाही. बायकोने ते म्हणणे म्हणजे जाण्याची मुभा देणे, असे तिलाही वाटते आणि त्यालाही. आणि ते न म्हणता राहणे म्हणजे धोका तसाच ठेवणे. हे सांगणे तुमच्याकडून होणार नाही आणि व्हायलाही नको; ते समुपदेशकांवर सोपवा. ट्रक थांबतात त्या मोठ्या ठिकाणी चालकांसाठी स्वतंत्र दवाखाने आणि समुपदेशक असतात. यजमान तुमच्याबरोबर तपासणीला आले, तर समुपदेशकांना आधीच फोनवर सांगून ठेवा की त्यांच्याशी एकट्याने बोलावे. पुरुष पुरुषाशी काय बोलतो, आणि बायको बाहेर बाकावर बसलेली असताना काय बोलत नाही, यात फार अंतर असते.

समजा, हे सगळे करूनही त्यांनी आवाज चढवला, हात उचलला किंवा जबरदस्ती केली. पत्नी १८ वर्षांवरील असेल तर पतीने केलेली जबरदस्ती भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. हे मला मान्य नाही, पण आज कायदा तसा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तुम्ही इतरांना देतच असाल. अशी वेळ येण्याची चिन्हे तुम्हाला आधीपासून दिसत असतील, तर वर सांगितलेले बोलणे घरात एकट्याने करू नका. तपासणीच्या ठिकाणी, समुपदेशकांच्या समोर करा. तुमची सुरक्षितता आधी, निरोध नंतर. आपल्या धोक्याचा अंदाज तुमच्याइतका मला येणार नाही, म्हणून हा निर्णय मी तुमच्यावर सोडते.

आता चाचणीच्या निष्कर्षाविषयी. ज्याची तपासणी आधी होते त्याच्यावर आजार ‘आणल्याचा’ आळ येतो; गरोदरपणात तपासणी होणाऱ्या कितीतरी सुनांच्या वाट्याला हे आले आहे. म्हणून दोघांची तपासणी एका दिवशी होणे उत्तम, परंतु त्यासाठी तुमची तपासणी अडवून ठेवू नका. तुमचा निष्कर्ष आधी आला तर तो सांगण्याची घाई करू नका. रुग्णाच्या जोडीदाराला डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटींवर माहिती देऊ शकतात. पण त्यामुळे स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर ती देऊ नये, असे वर सांगितलेल्या एचआयव्ही कायद्यात म्हटले आहे. ही भीती असल्यास ती समुपदेशकांना पहिल्याच भेटीत सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा. लागण आहे एवढ्या कारणावरून तुम्हाला कामावरून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

आणि समजा तुमच्यापैकी कुणाला लागण निघालीच, तर उपचार २००४ पासून शासकीय केंद्रांत मोफत आहेत आणि २०१७ पासून निदान होताच सुरू होतात. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला; त्यात पुण्यातील जोडपीही होती. एकाला लागण असलेल्या त्या जोडप्यांत लवकर औषध सुरू केल्याने दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. त्यानंतरच्या अभ्यासांनी तर दाखवले की, औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली आले आणि तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून लागण होतच नाही. हे मी दिलासा म्हणून लिहिलेले नाही. निष्कर्षाच्या भीतीने तपासणी टाळणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांसमोर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, औषधावाचून गेलेली माणसे असतात. तुम्हीही गावात तशी पाहिली असतील. आज लागण झालेला माणूस औषधे वेळेवर घेऊन मुलींची लग्ने करतो, नातवंडे खेळवतो.

राहिला वहीचा प्रश्न. तीन निरोधांच्या पाकिटामागे एक रुपया घेऊन वाटण्याची जी तुमची पाकिटे आहेत, त्यांना हात लावू नका. एक तर हिशेब जुळणार नाही, आणि दुसरे म्हणजे ऑपरेशन झालेल्या जोडप्याच्या नावापुढे निरोध कसा, असे तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकताईंनी विचारले की बैठकीत चर्चा सुरू होईल. तपासणीला जाल तिथे आयसीटीसीच्या दाराशी किंवा गुप्तरोग विभागात मोफत निरोध ठेवलेले असतात. तिथे नाव लिहून घेत नाहीत, सही लागत नाही. यजमान यायच्या आधी दोन महिने पुरतील इतके घ्या, पाकिटावरची मुदत पाहून घ्या आणि घरात पत्र्यापासून दूर, धान्याच्या कोठीशेजारी थंड जागी ठेवा.